मिठागरचा ठोका

श्यामकांतच्या फिल्मचे डबे गोरेगावच्या एडिटिंग रूममध्ये येऊन पडले, तेव्हा राजाराम सरांनी ते उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. त्यांच्या टेबलावर एक मोठा हिंदी पिक्चर चालू होता आणि त्याचा निर्माता दिवसातून तीनदा फोन करून त्यांचं डोकं खात होता. सरांनी अकराच्या अकरा डबे तसेच सुलक्षणाकडे सरकवले.

"कुठल्याशा बँडवरची डॉक्युमेंटरी आहे. अर्ध्या तासाची. ही तूच काप."

"मी एकटीनं?"

"मग काय वरात बोलावू?"

सुलक्षणा एकोणतीस वर्षांची होती आणि त्यातली आठ वर्षं तिनं सरांची असिस्टंट म्हणून काढली होती. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, कापलेल्या पट्ट्यांवर नंबर टाकायचे, सर "ती हसण्याची पट्टी कुठंय?" म्हणाले की अर्ध्या मिनिटात काढून द्यायची. बोरिवलीला घरी आई अधूनमधून विचारायची, "तू थंय नक्की करतंस काय?" आणि तिला दोन वाक्यांत सांगता यायचं नाही. त्या दिवशी मात्र तिनं घरी गेल्यागेल्या सांगितलं, "माझी फिल्म आली." आईनं विचारलं, हिरो कोण? सुलक्षणालाही ते माहीत नव्हतं.

बँडचं नाव होतं 'मिठागर'. ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. वडील गिरणीतले, घरात रेडिओवर भजनं आणि नाट्यगीतं. रॉक म्हणजे केस वाढवलेल्या पोरांचा आरडाओरडा एवढीच तिची समजूत. श्यामकांतनं तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो छत्तीस वर्षांचा, साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती करून पोट भरणारा माणूस. त्र्याहत्तर साली घाटकोपरच्या एका हॉलमध्ये त्यानं मिठागर ऐकला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यातून तो गेला नव्हता.

"मुलुंडला पूर्वेला, मिठागरांच्या कडेला एक पत्र्याची शेड होती," तो म्हणाला. "पोती ठेवायची. तिथे हे चौघं प्रॅक्टिस करायचे. कितीही दणादण वाजवा, तक्रार करायला बगळ्यांशिवाय कोणी नाही. मराठीत गायचे, इंग्लिशमध्ये गायचे. पाच वर्षं टिकले. शहात्तरला एकच रेकॉर्ड निघाली, ती गोदामातच पडून राहिली आणि बँड फुटला. गाणारा कॅनडाला गेला, बेसवाल्याचा पत्ता नाही."

"मग कोणाला आठवणार ते?"

"तेच तर! लोकांना नाव माहीत नाही, पण वाजवणाऱ्यांना विचार. आज या शहरात जो कोणी गिटार नाहीतर ड्रम हातात घेतो, त्याच्याकडे मिठागरचा एक तरी तुकडा आहे. आणि सगळ्यांकडे आहे तो मिठागरचा ठोका."

हा ठोका म्हणजे ड्रमवर वाजवायचा एक ताल. सरळ चालत यायचा, मध्येच एका जागी श्वास रोखल्यासारखा थांबायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की आता चुकलाच, तेवढ्यात पुढचं पाऊल टाकायचा. शो ऐकून गेलेल्या वादकांच्या हातून दहा वर्षांत तो जाहिरातींच्या गाण्यांत शिरला होता, कॉलेजच्या बँडांत शिरला होता. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादकसुद्धा तो वाजवायचे. आला कुठून, याबद्दल मात्र जितकी तोंडं तितकी उत्तरं होती.

सुलक्षणानं तीन आठवडे खपून फिल्मचा पहिला साचा जुळवला आणि श्यामकांतला बोलावून दाखवला. पडद्यावर चौदा माणसं एकामागून एक येऊन बोलली. एक प्राध्यापक म्हणाले, तो ताल आफ्रिकेतला आहे. एक अरेंजर म्हणाला, अमेरिकेतल्या जॅझमधला. बँडचा गिटारवाला विद्याधर, आता टेलिफोन खात्यात इंजिनिअर, छान घोटीव भाषेत म्हणाला, "तो आमच्या सामूहिक शोधाचा भाग होता." दिवे लागले. श्यामकांत खूश दिसला. सुलक्षणा अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होती.

"काय झालं? बोल ना."

"बोलू? राग नाही ना येणार?"

"बोल गं."

"बारशाला आल्यासारखी सगळी माणसं कौतुक करतायत, आणि पाळण्यात बाळच नाही. तुमच्या फिल्ममध्ये बँड कुठंय?"

श्यामकांतचा चेहरा पडला. त्यानं एक सिगारेट काढली, इथे ओढायची नाही हे आठवून परत ठेवली. "फिल्म कुठून आणू यार? तेव्हा कोणी शूट केलंच नाही. आठ फोटो आहेत, ते घातलेत."

"आणि तो ताल वाजवणारा? ड्रमर? तो तर कुठेच नाही."

"गुणाजी? नाहूरला राहतो. शूट केला ना. वीस मिनिटं बसलो त्याच्यासमोर. हो, नाही, बरं होतं, आता आठवत नाही. एवढंच! तो रोल वाया गेला. अकरा नंबरचा डबा, उघडूच नकोस."

श्यामकांत गेल्यावर सुलक्षणानं अकरा नंबरचा डबा उघडला.

पडद्यावर एक खोली आली. भिंतीला पाठ टेकून बसलेला चाळिशीच्या आतबाहेरचा सावळा माणूस, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. प्रश्न लांबलचक आणि उत्तरं खरंच तेवढीशीच. "तुमच्यावर कोणाचा प्रभाव होता?" "तसा काही नाही." असं वीस मिनिटं. मग श्यामकांतचा आवाज आला, "कट. थँक यू हं." पण कॅमेरावाला बहुतेक कंटाळला असावा, त्यानं बटण दाबलं नव्हतं. टेपही चालूच होती. गुणाजीनं सुटकेचा श्वास सोडला, वरचं बटण काढलं, आतून बायकोनं काहीतरी विचारलं त्याला "हां" म्हणाला, आणि त्याचा उजवा हात शेजारच्या स्टीलच्या डब्यावर गेला. बोटं वाजायला लागली.

मिठागरचा ठोका. तीन आठवडे ज्याची चौदा जणांकडून वर्णनं ऐकली होती, तो ताल.

सुलक्षणानं रोल मागे घेतला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली तिचा पाय हलतोय. त्या थांबण्याच्या जागी पाय उचलून धरला जात होता आणि पुढच्या ठोक्याला टेकत होता. तिला कोणी शिकवलं नव्हतं हे. ती मशीन बंद करून बसून राहिली आणि हळूहळू तिला आठवलं: शिमगा, गावची पालखी, देवळाच्या दगडी पायऱ्या, पुढे ढोल आणि मागे बापाचं बोट धरून चढणारी सात वर्षांची ती. ढोल त्या एका जागी थांबायचा. तोसुद्धा असाच.

रविवारी ती एकटीच नाहूरला गेली. कॅमेरा नाही, टेप नाही. हातात आईनं दिलेल्या कुळथाच्या पिठाची पिशवी. दार उघडलं ते गुणाजीच्या बायकोनं, शेवंतीनं. सुलक्षणानं फिल्मचं नाव काढताच आतून गुणाजीचा कोरा आवाज आला, "मी सगळं सांगितलं त्यांना. आता काही राहिलं नाही."

"दादा, मी काही विचारायला नाही आले. एक सांगायचंय." ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "तुम्ही डब्यावर वाजवता तो ताल माझ्या गावचा आहे. पालखी पायऱ्या चढते तेव्हाचा."

गुणाजी बाहेर आला. त्याची भाषाच बदलली.

"तू खंयची गो?"

"खारेपाटणची. तिथून आत, वाडीतली."

"आमी देवगडकडचे. मगे उभी कित्याक? बस!"

शेवंतीनं पिठाची पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि चहा टाकायला आत गेली. आतूनच म्हणाली, "घरात असलो की ह्येचो हात डब्यार! सगळ्या झाकणांक पोचे इले. पंधरा वर्सां ऐकतंय मी ता."

गुणाजी हसला. फिल्मच्या वीस मिनिटांत तो एकदाही हसला नव्हता. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. त्याचा बाप देवळाचा ढोल वाजवायचा. गुणाजी आठव्या वर्षापासून त्याच्या शेजारी. "पालखी पायरे चढता, तेव्हा माणसांचो पाय वर टेकासर ढोलान थांबाक व्हया. नायतर पालखी कलंडता. बापूस म्हणायचो, तू वाजवतंस ता कानासाठी नाय, पायांसाठी." पुढे मुंबईत गिरणीत लागला, मुलुंडला मामाकडे राहायचा, मिठागराच्या बाजूने फिरताना शेडमधून आवाज ऐकून आत डोकावला. त्यांचा ड्रमवाला आला नव्हता. ह्यानं वाजवून दाखवलं.

"हे तुम्ही श्यामकांतना का नाही सांगितलंत?"

"माका कोणी इचारूकच नाय. ते इंग्लिश नावां घेवन इचारीत होते. ह्यो माहीत हा? तो माहीत हा? मी म्हटलंय, नाय."

चहा झाला. सुलक्षणानं सहज विचारलं, रेकॉर्डवर तुमचं नाव बारीक अक्षरात का आहे? गुणाजीनं रिकामा कप खाली ठेवला. शेवंतीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग की. किती वर्सां पोटात ठेवतलंस?"

तेव्हा ते कळलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी कंपनीचा साहेब म्हणाला होता, ह्याचा ताल चुकतो, हा मध्येच थांबतो, असं विकलं जाणार नाही. त्यांनी स्वतःचा एक ठरलेला वाजवणारा आणून बसवला. गुणाजी चार तास बाहेर बाकड्यावर बसला. आत आपला ताल सरळ करून वाजवलेला त्याला दाराच्या फटीतून ऐकू येत होता.

"आणि बाकीचे तिघं?"

"गप." तो म्हणाला. "विद्याधर माझो दोस्त. तो पण गप. संध्याकाळी मी स्टिका थंयच ठेवलंय आनी इलंय. मगे भेट नाय."

त्यानंतर गिरणी संपात गेली, तो मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागला, ड्रम विकून टाकला. दहा वर्षं शहर त्याचा ठोका वाजवत होतं आणि ज्या एकमेव रेकॉर्डवर मिठागरचं नाव होतं, तिच्यावर तो ठोका नव्हताच.

सोमवारी सकाळी सुलक्षणानं हे श्यामकांतला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला तो उठेचना. "वाट लागली," तो म्हणाला. "मला वाटायचं, रेकॉर्डसाठी यांनीच मुद्दाम ताल सरळ केलाय. म्हणजे मी फिल्मभर जी रेकॉर्ड वाजवतोय..."

"त्यात मिठागर नाही."

"मग खरं वाजवलेलं कुठं मिळणार?"

सुलक्षणाला एक संशय होता. विद्याधरचा इंटरव्ह्यू तिनं इतक्यांदा पाहिला होता की त्याच्या पापण्यासुद्धा तिला पाठ झाल्या होत्या. रेकॉर्डचा विषय निघाला की तो दर वेळी उजवीकडे, खोलीतल्या कपाटाकडे बघायचा. ती म्हणाली, "घाटकोपरला जाऊ. कॅमेरा घेऊन चला, पण लगेच काढू नका."

विद्याधरचं घर नीटनेटकं, पुस्तकांचं. त्यानं दोघांचं हसून स्वागत केलं. सुलक्षणानं आडवळण घेतलं नाही. "मी नाहूरला जाऊन आले. गुणाजीदादांनी रेकॉर्डिंगच्या दिवसाचं सांगितलं."

विद्याधरचं हसू मावळलं. बाहेर कोणाच्या तरी गॅलरीत कबुतरं फडफडली. मग तो उठला, कपाट उघडलं, खालच्या खणातून साड्यांच्या खोक्यात ठेवलेला एक टेपचा स्पूल काढला.

"चौऱ्याहत्तरचा शो," तो म्हणाला. "मुलुंडच्या शाळेच्या पटांगणातला. माझ्या भावानं रेकॉर्ड केला होता. हा कोणाला दिला नाही मी. हा ऐकला की कोणालाही कळलं असतं, रेकॉर्डवर दुसरा माणूस आहे. आणि मग विचारलं असतं की तेव्हा तू काय करत होतास."

"काय करत होतात?" श्यामकांतनं विचारलं.

"गिटार जुळवत होतो. मला वाटलं, रेकॉर्ड निघू दे, मग त्याची समजूत काढू. तेवीस वर्षांचा होतो. नंतर दर वर्षी वाटायचं, आता फार उशीर झाला. दर वर्षी तो उशीर वाढतच गेला."

"हे कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

विद्याधरनं स्पूल सुलक्षणाच्या हातात दिला आणि म्हणाला, "लावा कॅमेरा."

पुढचा महिना सुलक्षणानं अख्खी फिल्म उसवून पुन्हा शिवली. चौदातले दहा लोक काढून टाकले. श्यामकांत एकेका पट्टीसाठी भांडला. प्राध्यापकांसाठी तर दोन दिवस बोलत नव्हता. पण स्पूलवरचा गुणाजी आणि डब्यावरचा गुणाजी तिनं एकापाठोपाठ लावून दाखवले, तेव्हा तोच म्हणाला, "काढ प्राध्यापकांना." नाहूरला पुन्हा शूटिंग झालं. या वेळी प्रश्न सुलक्षणानं विचारले, मालवणीत, आणि गुणाजीनं वरचं बटण लावलंच नाही. राजाराम सर एकदा मागून येऊन उभे राहिले, पाच मिनिटं पाहिलं. "त्या बाईचा शॉट अजून दोन सेकंद ठेव," शेवंतीबद्दल म्हणाले, आणि आपल्या टेबलावर निघून गेले. एवढं बोलणं म्हणजे सरांच्या हिशेबी पुष्कळ होतं.

पहिला शो पवईच्या इन्स्टिट्यूटमध्ये ठरला. तिथल्या पोरांचा फिल्म क्लब होता आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना ठोका वाजवता यायचा. गुणाजी यायला तयार नव्हता. "मी काय करू थंय? सगळे शिकलेले." शेवंतीनं त्याचं काही ऐकून घेतलं नाही. शनिवारी दुपारी ती त्याला घेऊन आली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. विद्याधर मागच्या दाराने आला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला.

प्रोजेक्टर सुरू झाला. सुलक्षणा पडद्याकडे बघतच नव्हती. ती माणसांकडे बघत होती. डब्यावरची बोटं आली तेव्हा हॉलमध्ये कुजबुज उठली. पायऱ्यांची गोष्ट आली तेव्हा कुजबुज थांबली. आणि स्पूल वाजायला लागला, पटांगणातला तो खरखरीत, मोठा, जिवंत आवाज, तेव्हा तिला दिसलं की रांगांमागून रांगा पोरांचे पाय हलतायत आणि एकाच जागी थांबतायत. गुणाजी मान खाली घालून ऐकत होता. शेवंती मात्र मान ताठ ठेवून पडद्याकडे बघत होती, डोळे न पुसता.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. नंतर गर्दीत एक दाढीवाला विद्यार्थी गुणाजीसमोर येऊन म्हणाला, "सर, मी चार वर्षं तुमचा ताल चुकीचा वाजवतोय." गुणाजीला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. एवढ्यात गर्दी थोडी बाजूला झाली आणि विद्याधर समोर उभा राहिला.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," विद्याधर म्हणाला.

"व्हया होता," गुणाजी म्हणाला. त्यानं ते उडवून लावलं नाही, 'जाऊ दे' म्हणाला नाही. सुलक्षणाचा जीव टांगणीला लागला. मग गुणाजीनं विचारलं, "गिटार आसा की इकलस?"

"आहे. तारा गंजल्यात."

"माझ्याकडे तर ड्रमच नाही." तो आता मुंबईच्या मराठीत आला होता.

"सर, आमचा आहे ना!" दाढीवाला म्हणाला आणि दोघातिघांनी गुणाजीला जवळजवळ ओढतच स्टेजवर नेलं. दहा वर्षांनी गुणाजी ड्रममागे बसला. पहिल्यांदा काठी निसटून खाली पडली. पोरं हसली, तोही हसला. दुसऱ्यांदा पाय आणि हात जुळेनात. त्यानं डोळे मिटले, काठ्या बाजूला ठेवल्या, हातानंच वाजवायला घेतलं, आणि ते आलं.

त्या वर्षी फिल्म पुण्याला दाखवली गेली, कोल्हापूरला, मग पत्रं येऊन कलकत्त्यालाही. थिएटरात ती लागली नाही आणि टीव्हीवाल्यांनी उत्तर दिलं नाही. मिठागरची रेकॉर्ड कोणी पुन्हा काढली नाही. पण सुलक्षणाच्या टेबलावर दोन नव्या डॉक्युमेंटरींचे डबे आले, तिचं नाव विचारत. घरी आई आता शेजारणींना सांगते, "ती कापता." कोणी विचारलं काय, तर आईला पुढचं सांगता येत नाही, पण तिचं अडतही नाही.

रविवारी दुपारी नाहूरला पाच-सहा पोरं शिकायला येतात. शेजाऱ्यांनी कुरकुर केल्यावर गुणाजीनं सगळ्यांना उशा वाजवायला लावल्या. विद्याधर घाटकोपरहून गिटार घेऊन येतो, नव्या तारा लावलेली. सुलक्षणा परवा गेली तेव्हा दोघांची जुंपली होती. एक नवं गाणं करायचं चाललंय आणि दुसऱ्या ओळीवर दोघांचं एकमत होत नाही. विद्याधर म्हणतो शब्द कमी पडतात, गुणाजी म्हणतो शब्द पुष्कळ आहेत, जागा कमी आहे. शेवंती दाराशी बसून तांदूळ निवडत होती.

"तीन आठवडे ह्याच चाललाहा," ती सुलक्षणाला म्हणाली. "बस. आज गाणा व्हयत तर ऐकूनच जा."

सुलक्षणानं चपला काढल्या आणि तिच्याशेजारी बसली.